लांकडी डोंगरावरची गाडी

गेल्या वर्षीं मी आणि माझी पत्नी मेलबर्न येथें पुतण्याच्या घरीं दोन महिने राहून आलों. रत्नागिरीस परत आल्यावर जो भेटे तो विचारी, “काय काय पाहिलेंत तिकडे?” तेथील रुंद रस्ते, ग्रंथालयें, बागा यांचें वर्णन मी करूं लागलों कीं ऐकणारा शिष्टाचारापुरती मान डोलावी. परंतु शंभरी उलटलेल्या एका लांकडी गाडींत बसून आम्ही दोघें म्हातारपणीं डोंगर चढलों-उतरलों, असें सांगितलें कीं ओटीवरचीं सगळीं माणसें जवळ सरकत. त्या गाडीची हकीकत नीट लिहून काढावी, असा घरांतील मुलांनीं आग्रह धरला. आणि लिहावयास बसल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, ही हकीकत केवळ मुलांच्या करमणुकीची नाहीं. आमच्या घरांत तीन वर्षें चाललेल्या एका वादाशीं तिचा जवळचा संबंध आहे.

तो वाद आधीं थोडक्यांत सांगतों. आमचें घर जांभ्याच्या भिंतींचें. वरची माडी मात्र सारी लांकडी. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१० सालीं रत्नागिरीच्या टेकडीवरील ज्या वाड्यांत राहावयास गेला, त्या वाड्याच्या सुमारासच आमच्या पणजोबांनीं ही माडी चढविली. आतां तिच्या फळ्या पावलागणिक करकरतात आणि पावसाळ्यांत दोन जागीं पाणी ठिबकतें. धाकट्या बंधूंचें म्हणणें, घर उतरवून तेथें सिमेंटची इमारत उठवावी. थोरल्या बंधूंचें म्हणणें, वाडवडिलांच्या वास्तूस हात लावूं नये. मी मधला. मला दोघांचेंही पटे, आणि दोघांचेंही पुरतें पटत नसे.

असो. आतां मेलबर्नकडे वळूं.

अघासुराचें तोंड

मेलबर्न शहराचें सेंट किल्डा नांवाचें एक उपनगर समुद्रकांठीं वसलेलें आहे. तेथील खारा वारा नाकांत शिरतांच मला भाट्याच्या किनाऱ्याची आठवण झाली. या किनाऱ्यालगत ‘लूना पार्क’ नांवाची करमणुकीची बाग आहे. लूना म्हणजे चंद्र. बागेचें प्रवेशद्वार म्हणजे चंद्रोबाचा एक प्रचंड हंसरा चेहरा. त्याचें उघडें तोंड हाच दरवाजा, आणि त्याच्या दांतांखालून आंत जावयाचें. तें पाहतांच पत्नी म्हणाली, “अहो, हें तर अघासुराचें तोंड! गोपाळांसारखे आपणही आपल्या पायांनीं आंत चाललों.” पुतण्या हंसून म्हणाला, “काकू, येथें गेली शंभर वर्षें माणसें तिकीट काढून आंत जात आहेत.”

बागेच्या कुंपणालगत चोहोंकडून एक पांढरा लांकडी सांगाडा उभा आहे. दुरून पाहिलें तर एखाद्या मांडवाचे खांब, आडवे वासे आणि तिरपे टेकू यांचें जाळेंच वाटावें. त्या जाळ्याच्या माथ्यावरून रूळ गेले आहेत, आणि ते सपाट नसून लाटांसारखे वर-खालीं होत जातात. ह्या रुळांवरून धांवणाऱ्या गाडीस इंग्रजींत ‘रोलर कोस्टर’ म्हणतात. मराठींत तिला रुळलेलें नांव नाहीं. आमच्या घरच्या मुलांनीं तिला ‘डोंगरगाडी’ असें म्हणावयास सुरवात केली आहे; तेंच नांव मी येथें वापरतों.

मेलबर्नची ही डोंगरगाडी १३ डिसेंबर १९१२ रोजीं, म्हणजे बाग उघडली त्याच दिवसापासून, चालूं झाली. जे. डी. विल्यम्स आणि फिलिप्स बंधु या अमेरिकन करमणूक-व्यावसायिकांनीं ही बाग काढली. त्याच जागीं १९०६ सालीं ‘ड्रीमलँड’ नांवाची दुसरी एक बाग निघून थोड्याच वर्षांत बुडाली होती. म्हणजे हें धाडसच होतें. पहिल्या महायुद्धांत ही बागही बंद पडली आणि १९२३ सालीं नव्या खेळांसह पुन्हा उघडली. डोंगरगाडीची लांबी ३,००० फुटांहून अधिक आणि उंची सुमारें ५० फूट आहे. जगांत हिच्याहून जुनी म्हणून एकच डोंगरगाडी प्रसिद्ध आहे. ती अमेरिकेंतील आल्टूना गांवची, १९०२ सालची. पण ती १९८५ सालीं बंद पडली आणि डागडुजी होऊन पुन्हा सुरू होण्यास १९९९ साल उजाडलें. यास्तव, दीर्घ काळ मोडकळीस पडून न राहतां चालत आलेली सर्वांत जुनी गाडी, हा मान मेलबर्नच्या गाडीस देतात.

आम्हां रत्नागिरीकरांस यांत एक गंमत वाटेल. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ सालीं खुला झाला. म्हणजे जी गाडी कोणत्याही गांवास जात नाहीं, जेथून निघते तेथेंच परत येते, ती मेलबर्नला आमच्या खऱ्या आगगाडीच्या ८५ वर्षें आधीं धांवत होती!

बर्फ, कोळसा आणि मोजे

ही कल्पना मूळची कोणाची? तिचा उगम रशियांत सांपडतो. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिंवाळ्यांत लांकडी उंच उतरणी उभारून त्यांवर पाणी सोडीत; पाणी गोठलें म्हणजे बर्फाची घसरगुंडी तयार होई. अठराव्या शतकांत ह्या घसरगुंड्या ७० ते ८० फूट उंचीच्या असत. सम्राज्ञी कॅथेराइन हिच्या काळीं ओरानियेनबाउम येथील राजवाड्याच्या आवारांत उन्हाळ्यांतही चालावी अशी चाकांच्या गाड्यांची घसरण बांधण्यांत आली. पुढें हा नाद फ्रान्समध्यें गेला. १८१७ सालीं पॅरिस शहरांत दोन ठिकाणीं अशा उतरणी उघडल्या. तेथें बर्फ नसल्यानें गाड्यांस चाकें लाविलीं आणि त्या वाटेवरून सुटूं नयेत अशी योजना केली. त्यामुळें फ्रेंच लोक आजही ह्या खेळास ‘रशियन डोंगर’ म्हणतात. आणि मौज अशी कीं, रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. आपल्या घरचा खेळ परदेशीं जाऊन आला कीं घरचीं माणसेंच त्यास परका समजूं लागतात, याचा हा नमुना होय.

अमेरिकेंत मात्र ह्या खेळाचा जन्म करमणुकींतून झाला नाहीं, कामांतून झाला. पेनसिल्व्हेनिया प्रांतांत त्या काळीं मॉक चंक या नांवाचें गांव होतें. तेथील डोंगरांतील कोळसा खालीं नदीकांठीं आणण्यासाठीं १८२७ सालीं सुमारें नऊ मैलांचा लोहमार्ग घातला. भरलेल्या गाड्या उतारावरून आपोआप खालीं येत, आणि रिकाम्या गाड्या खेंचरें वर ओढून नेत. मग ती खेंचरें वरून खालीं कशीं येत? त्यांच्यासाठीं निराळे डबे असत. त्यांत उभीं राहून तीं ऐटींत कोळशाबरोबर उतरत. पुढें १८७२ नंतर, बोगदा झाल्यावर, कोळशास त्या वाटेची गरज उरली नाहीं. परंतु तोंपर्यंत लोकांस त्या उताराची चटक लागली होती. म्हणून कोळशाच्या जागीं उतारू बसूं लागले, आणि ती वाट पुढें कित्येक वर्षें केवळ करमणुकीवर चालली.

ह्या सर्वांतून आजच्या डोंगरगाडीचा धंदा उभा करणारा पुरुष म्हणजे लामार्कस थॉम्प्सन. जन्म १८४८ सालचा, ओहायो प्रांतांतला. त्यानें प्रथम मोज्यांचा कारखाना काढून पैसा मिळविला. प्रकृति बिघडल्यावर तो उद्योग सोडला. वृत्तीनें तो धार्मिक व नीतीचा कैवारी होता. तरुण मंडळी दारूच्या गुत्त्यांत आणि जुगाराच्या अड्ड्यांवर वेळ घालवितात, त्यांस निर्मळ करमणूक मिळावी, असें त्यास वाटे. जून १८८४ मध्यें न्यूयॉर्कजवळील कोनी बेटावर त्यानें आपली पहिली गाडी सुरू केली. ज्या वर्षीं आपल्याकडे पुण्यांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेंच हें वर्ष. दोन उद्योगांत साम्य काय म्हणाल तर एवढेंच कीं, दोहोंच्याही मुळाशीं तरुण पिढीची काळजी होती!

थॉम्प्सनची ती गाडी आज आपणांस अगदींच सौम्य वाटेल. मार्ग ६०० फुटांचा, वेग ताशीं सहा मैल, भाडें पांच सेंट. उतारू मनोऱ्यावर चढून जात, गाडींत आडवे बसत, आणि गाडी लाटांवरून हेलकावे खात दुसऱ्या टोंकास जाई. तेथें उतरावयाचें, नोकरांनीं गाडी पुन्हा वर लोटावयाची, आणि दुसऱ्या रुळांवरून परत यावयाचें. एवढ्यासाठीं लोक रांगा लावीत. पुढें त्यानें मार्गाच्या कडेस डोंगर, गुहा, रंगविलेले देखावे व दिवे यांची योजना करून ‘सीनिक रेल्वे’ म्हणजे देखाव्यांची आगगाडी हा नवा प्रकार काढला. मेलबर्नची गाडी ह्याच घराण्यांतील, आणि तिचें नांवही तेंच आहे.

मध्यें उभें असलेलें माणूस

डोंगरगाडीस इंजिन नसतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गाडी यंत्राच्या साहाय्यानें पहिल्या उंच माथ्यावर ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढें जें कांहीं होतें तें पृथ्वीच्या ओढीनें. ओटीवरचा झोंपाळा एकदां जोरानें लोटून सोडून दिला तर प्रत्येक फेरीस त्याची उंची थोडी थोडी उतरत जाते, हें आपण रोज पाहतों. येथेंही तसेंच. चाकांच्या घर्षणानें आणि वाऱ्याच्या अटकावानें गाडीची शक्ति हळूहळू खर्च होते. म्हणून मिळालेल्या उंचीच्या बळावर ओलांडावयाची प्रत्येक टेंकडी त्या उंचीहून कांहींशी ठेंगणी ठेवावी लागते. बांधणाऱ्याची सारी विद्या ह्या हिशेबांत आहे.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. आरंभींच्या गाड्यांस रुळांवर चालणारीं चाकें असत, आणि गाडी बाजूस सरकूं नये म्हणून बाजूचीं चाकेंही असत. पण रुळाच्या खालून धरून ठेवणारें असें कांहींच नसे. भरधांव गाडी टेंकडीच्या माथ्यावर आली कीं फेंकलेल्या दगडाप्रमाणें ती सरळ हवेंत जाऊं पाहते. तिला रुळांवर ठेवणार कोण? त्यासाठीं एक माणूस लागे. तो गाडीवरच उभा राही, हातांत ब्रेकचा लांब दांडा धरी, आणि कोणत्या वळणाच्या आधीं, कोणत्या माथ्याच्या आधीं वेग किती आवरावयाचा हें स्वतः ठरवी.

१९१९ सालीं जॉन मिलर ह्या अमेरिकन कारागिरानें रुळाच्या खालच्या बाजूनें पकड घेणाऱ्या चाकाचें पेटंट मिळविलें. मग गाडी रूळ सोडूंच शकेना. टेंकड्या उंच झाल्या, उतार उभे झाले, आणि गाडीवरचा माणूस खालीं उतरला. १९२७ सालीं कोनी बेटावर उघडलेली ‘सायक्लोन’ नांवाची ८५ फूट उंचीची गाडी ह्याच नव्या युगांतली. मेलबर्नच्या गाडीवर मात्र जुनी पद्धत कायम राहिली. कोपनहेगन येथील टिव्होली बागेंत १९१४ सालची अशीच एक गाडी आहे. माणसानें वेग आवरावयाच्या गाड्या जगांत आतां बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या आहेत.

आम्ही गाडींत बसलों तेव्हां गाडीच्या मध्यावर एक विशीची मुलगी दांडा धरून उभी होती. आमच्या पुतणीच्या वयाची! मी पुतण्यास हळूच म्हटलें, “हिच्या हातीं आपले प्राण?” तो म्हणाला, “होय काका. म्हणून तर ती हंसत नाहीं, बघा.” खरोखरच, गाडींतील प्रत्येक जण हंसत किंवा ओरडत होता, ती एकटी समोरच्या रुळांकडे पाहत होती. पहिल्या माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळली. डावीकडे समुद्र चमकला, पोटांत खड्डा पडला, आणि खालचें लांकूड घणघणूं लागलें. मी डोळे मिटले. पत्नीनें मिटले नाहींत, हें तिनें नंतर घरीं सर्वांस सांगितलेंच. प्रत्येक चढाच्या तोंडाशीं ती मुलगी किंचित् मागें रेले, दांडा खेंची, आणि गाडी शहाण्या बैलासारखी आवरे. ठाण्यावर उतरल्यावर आम्ही तिला नमस्कार केला. तिला त्याचा अर्थ कळला असावा, कारण तेव्हां ती प्रथमच हंसली.

मुंबई-पुणें प्रवासांत भोर घाट उतरतांना जुनीं माणसें अशीच श्वास रोखून बसत. १८६३ सालीं सुरू झालेल्या त्या घाटांत ३७ फुटांस एक फूट एवढा चढ होता, आणि गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला अडविण्यासाठीं चढावर नेणाऱ्या बाजूच्या वाटा बांधल्या होत्या. चढण्याची चिंता यंत्र वाहतें. उतरण्याची चिंता माणसास वाहावी लागते, हें तत्त्व खऱ्या गाडीस आणि खेळाच्या गाडीस सारखेंच लागू आहे.

राहिल्या किती, गेल्या किती

लांकडी डोंगरगाड्यांचा बहर १९२० ते १९३० ह्या दशकांत होता. पुढें जागतिक मंदी आली, युद्ध आलें. एकामागून एक बागा बंद पडल्या आणि गाड्यांचें लांकूड सरपणाच्या मोलानें गेलें. १९५९ सालीं कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँड बागेंत पोलादी नळीच्या रुळांवरची गाडी सुरू झाली, तेव्हांपासून पोलादाचें राज्य आलें. खोपोलीजवळ २०१३ सालीं निघालेल्या बागेंत आपल्या मुलांनीं पाहिलेली गाडी पोलादीच आहे. पोलादी गाडी माणसास उलटें टांगूं शकते, अधिक वेगानें नेऊं शकते, आणि तिचा आवाजही कमी.

मग कांहीं लांकडी गाड्या टिकल्या त्या कशा? प्रथम मला वाटलें, लांकूड उत्तम असेल. तसें नाहीं. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत लांकूड कुजतें, खिळे गंजतात, पावसांत फळ्या फुगतात आणि उन्हांत आक्रसतात. हें कोंकणांतल्या माणसास सांगावयास नको. शिवाय गाडी जातांना सारा सांगाडा मुद्दाम थोडा हलूं द्यावा लागतो. ताठ ठेवला तर तो मोडेल. प्रत्येक हलण्याबरोबर कोठें तरी एखादा खिळा, एखादा बोल्ट सैल होतो. म्हणून अशा गाडीचा मार्ग माणसानें पायीं फिरून, एकेक सांधा पाहून तपासावा लागतो. आणि खराब झालेली तुळई, फळी, खांब वेळींच काढून त्याच मापाचें नवें लांकूड बसवावें लागतें. असें करतां करतां शंभर वर्षांत जुन्या लांकडांपैकीं पुष्कळसें बदलून जातें. तरी गाडी तीच राहते. ज्या गाडीस अशी नजर मिळाली ती टिकली. जिला मिळाली नाहीं ती गेली.

ह्या बाबतींत लूना पार्कचाच एक धडा सांगण्यासारखा आहे. १९२३ सालीं त्या बागेंत ‘बिग डिपर’ नांवाची दुसरी, अधिक उंच लांकडी गाडी आली होती. पुढें त्याहूनही मोठी नवी गाडी आणावयाची म्हणून १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती पाडली. जुनी गेली, आणि नवी आलीच नाहीं.

उलट उदाहरणेंही आहेत. कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो शहरीं १९२५ सालची ‘जायंट डिपर’ १९७६ सालीं बंद पडली. ती पाडण्याचें घाटत असतां गांवच्या नागरिकांनीं मंडळ स्थापून ती वांचविली, आणि १९९० सालीं ती पुन्हा धांवूं लागली. इंग्लंडांत मार्गेट येथील १९२० सालच्या गाडीस सरकारनें संरक्षित वास्तु ठरविलें होतें. तरीही ७ एप्रिल २००८ रोजीं आगींत तिचा मोठा भाग जळाला. संरक्षणाचा कागद आग विझवीत नाहीं. परंतु तेथील लोकांनीं चिकाटी सोडली नाहीं, आणि २०१५ सालीं ती पुन्हा उभी राहून चालूं झाली.

जुनें तेवढें सोनें, असा मात्र माझा सूर नाहीं. सिडनी शहरांतही लूना पार्क नांवाची बाग आहे. तेथें ९ जून १९७९ रोजीं भुतांच्या गाडीच्या खेळास आग लागून सहा मुलें व एक गृहस्थ असे सात जण मृत्युमुखीं पडले. आगीची वेळ येईल हें धरून जी तरतूद ठेवावयाची ती तेथें पुरेशी नव्हती. जुन्या वस्तूवरील प्रेम म्हणजे तिच्याविषयीं गोड बोलणें नव्हे. ती आज किती भार घेऊं शकते हें रोज नव्यानें विचारणें, आणि उत्तर नाहीं असें आलें तर त्या दिवशीं गाडी बंद ठेवणें, हें खरें प्रेम.

आमची माडी

रत्नागिरीस परतल्यावर एके रात्रीं जेवणें उरकून आम्ही तिघे बंधु झोंपाळ्यापाशीं बसलों असतां मी ही सारी हकीकत सांगितली. धाकटे बंधु शांतपणें ऐकून म्हणाले, “नाना, त्या गाडीचें तिकीट विकलें जातें. त्यांतून सुतारांचे पगार निघतात. आपल्या माडीचें तिकीट कोण काढणार?”

प्रश्न रास्त होता. थोरले बंधु म्हणाले, “मेलबर्नहून तो पैसे पाठवीन म्हणतो आहे.” तेव्हां माझ्या तोंडून निघून गेलें, “पैसे पाठविणारे पुष्कळ मिळतील, दादा. फळी करकरली तर वांकून पाहणारें घरांत कोण आहे? गेल्या दहा वर्षांत आपल्यापैकीं कोणी माळ्यावर चढला आहे काय?”

कोणी चढला नव्हता. वास्तूस हात लावूं नये म्हणणारे दादाही नाहींत, पाडावी म्हणणारे बापूही नाहींत, आणि दोघांच्या मध्यें बसून मान डोलावणारा मीही नाहीं. आम्ही तीन वर्षें माडीविषयीं बोललों होतों, माडीकडे पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सुताराला बोलाविलें. तो माळ्यावर गेला, हातोडीनें एकेक तुळई वाजवून पाहूं लागला, आणि आम्ही तिघे खालीं उभे राहून तो आवाज ऐकूं लागलों. भरीव लांकडाचा आवाज एक, पोकळ लांकडाचा आवाज दुसरा. लहान मुलासही फरक कळतो. चार तुळयांपैकीं तीन ठणठणीत निघाल्या. चौथीस वाळवीनें आंतून पोखरलें होतें. तिच्याच खालीं मुलें सुटींत अंथरुणें घालीत. हें कळल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. दादांचें ऐकून घर जसेंच्या तसें ठेवलें असतें तर काय झालें असतें, हें दादांनाच प्रथम उमगलें. आणि तीन तुळया शंभर वर्षांनंतरही खणखणीत आहेत, हें ऐकून बापूही विचारांत पडले.

ती तुळई आतां बदलली आहे. नवें लांकूड पिवळसर दिसतें, जुन्यांच्या रांगेंत परकें वाटतें; त्यास काजूच्या टरफलांचें तेल दिलें आहे, दोन-चार पावसाळ्यांनीं तेंही काळवंडेल. गळणाऱ्या दोन जागांवरचीं कौलें परतलीं. झालेला खर्च बापूंनींच वहींत लिहून ठेवला. पुढें घर ठेवावयाचें कीं नाहीं हें त्या वहीवरून पांच वर्षांनीं ठरवूं, असें त्यांनीं सुचविलें आणि दादांनीं तें मान्य केलें. म्हणजे वाद मिटला असें नाहीं. पण तो आतां आंधळेपणानें चालत नाहीं.

मिरकरवाड्याचे कोळी पावसाळ्यापूर्वीं आपल्या होड्या ओढून काढतात, उलटसुलट तपासतात, फटी बुजवितात. होडी चांगली चालते आहे म्हणून कोणी तें चुकवीत नाहीं. आमच्या घरींही आतां अक्षय्य तृतीयेनंतर एक दिवस माडी तपासण्याचा ठरला आहे. यंदा त्या दिवशीं माझ्याबरोबर बापूंची मुलगी माळ्यावर चढली. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहे. एका हातांत विजेरी, दुसऱ्या हातांत हातोडी घेऊन तिनें प्रत्येक तुळईस कान लावला. मुलें खालून ओरडत होतीं, “ताई, काय दिसतंय?” तिनें उत्तर दिलें नाहीं, कीं ती हंसलीही नाहीं. मला सेंट किल्ड्याची ती मुलगी आठवली, आणि मी शिडी घट्ट धरून खालीं उभा राहिलों.